गाडी तू बोलव

सोमवार, ३

विमानतळाच्या बाहेर दीड तास उभे होतो. आजचं लिहिण्यासारखं एवढंच. बाकीचा दिवस विमानात बसून पाय सुजवण्यात गेला.

गाडी बोलवायचं आपल्याकडचं ॲप इथे चालत नाही, दुसरं घ्यावं लागतं. ते घेतलं, तर त्यानं चार आकडे पाठवले ते आपल्या जुन्या नंबरावर, आणि ते सिमकार्ड ह्यांनी विमानातच काढून ठेवलेलं. कुठे ठेवलं ते आठवेना. सगळे खिसे झाले, माझी पर्स झाली, सामानाची बॅग रस्त्यावर उघडून झाली. शेवटी चष्म्याच्या घरात निघालं. मग ॲप सुरू झालं तर गाडी कुठे येणार ते कळेना. नकाशावर आम्ही निळा ठिपका आणि गाडी म्हणजे काळा किडा. किडा आमच्याभोवती तीन घिरट्या घालून निघून गेला. ‘चालकाने प्रवास रद्द केला.’ दुसऱ्यानंही तेच केलं. शेवटी झाडू मारणाऱ्या एका बाईला आमची दया आली. तिनं खुणेनं सांगितलं, इथे नाही, जिना उतरून खाली, सात नंबरच्या खांबापाशी.

ह्यांचं सगळं आयुष्य जमीन मोजणीत गेलं. झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर दिशा कुठे ते बोट करून दाखवतील. आणि आज जिना उतरेपर्यंत ‘खांब कितवा म्हणालीस?’ असं तीनदा विचारलं. ह्या प्रवासात चिडायचं नाही असं ठरवून आले होते. तिसऱ्यांदा चिडलेच.

मोठे दीर इथे चाळीस वर्षं आहेत. यंत्रांच्या कारखान्यात टर्नर होते. जाऊबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नाही. महिन्यापूर्वी दादा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. फोनवर दहादा म्हणाले, येऊ नका, माझं छान चाललंय. हे ऐकेनात. "आत्ताच जायला हवं." आत्ताच का, याला उत्तर नाही. माझा पासपोर्टसुद्धा मला न विचारता काढायला टाकला होता.

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. झोपते.

मंगळवार, ४

दादांना भेटलो. ऑपरेशननंतर चालायला शिकवतात त्या सेंटरात आहेत. खोली स्वच्छ, खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. मला वाटलं होतं अंथरुणाला खिळलेले असतील. कसलं काय, वॉकर ढकलत दारापर्यंत आमच्या स्वागताला आले.

"काय गं तपासनीस बाई, किती चुका काढल्यास इथल्या?"

हे नाव त्यांनीच ठेवलंय. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत ‘आशीर्वाद’ चुकीचा छापला होता. ती मी पेनानं दुरुस्त करून सासरी परत पाठवली, तेव्हापासून. पुढे तीस वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासली, पण माझी खरी कीर्ती ती पत्रिकाच.

दोघं भाऊ हातात हात धरून बसले होते. दादा ह्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, डॉक्टर बघतात तसं. मग हे म्हणाले, "वहिनी कुठे दिसत नाहीत?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दादा जराही हलले नाहीत. "ती गेली रे धाकट्या. सहा वर्षं झाली."

"हो की," हे म्हणाले. "प्रवासानं डोकं ठिकाणावर नाही."

घड्याळ साडेचार तास मागे-पुढे झालं की असं होतं म्हणतात. मलाही सकाळी ब्रश सापडत नव्हता.

गुरुवार, ६

गाडी बोलवायचं काम आजपासून माझं. हे म्हणाले, "गाडी तू बोलव. तुझ्या फोनवर."

मी म्हटलं, मला नाही जमत असलं. बेचाळीस वर्षं बँक तुम्ही बघितलीत, विजेचं बिल तुम्ही भरलंत, गॅसची नोंदणीसुद्धा मला कधी करू दिली नाहीत, आणि आता परक्या मुलुखात आणून मला शिकवायची हुक्की आली?

"म्हणूनच," म्हणाले. आणि जिन्यात बसून राहिले.

लेकीला फोन लावला. तिनं तिथून, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, मला एकेक बटण सांगितलं. ॲप आपल्या भाषेतही आहे, पण ती भाषा कुणी लिहिली देव जाणे. ‘आपले वाहन आपणास चार मिनिटांत उचलेल.’ वाहनानं उचलायला मी काय कचरा आहे? लेक म्हणाली, "आई, तू चुका नको बघूस, नंबर बघ."

नंबर बघायचा. गाडीचा रंग बघायचा. चालकाचा फोटो बघायचा. मग चार आकडी संकेत त्याला दाखवायचा, तोंडानं सांगायचा नाही, कारण इथले आकडे आपल्याला बोलता येत नाहीत. गाडी आल्यावर हे मला नंबर दोनदा वाचायला लावतात. आज मी पटकन चढायला गेले तर हात धरून मागे ओढलं. "आधी नंबर! मी नसलो तर काय करशील?"

रस्त्यात बायकोवर असं ओरडतात का?

शनिवार, ८

रोज तेच. तीन मजले उतरा, फुटपाथवर उभे राहा, किडा येतोय का बघा. किडा येता येता मध्येच वळतो आणि दुसऱ्या गल्लीत जातो. मग चालक फोन करतो. तो त्याच्या भाषेत बोलतो, मी माझ्या, आणि दोघंही ‘हॅलो हॅलो’वर एकमत होतो. मग ॲपमध्ये लिहून पाठवायचं. ते आपोआप भाषांतर होतं. ‘मी निळ्या दारापाशी उभी आहे’ असं मी लिहिलं, तर त्यानं उत्तर दिलं, ‘आपण दार आहात समजले.’

संध्याकाळी तीन मजले चढा. गुडघा बोलायला लागलाय.

दादा आज वॉकर सोडून काठीवर आले. मी कौतुक केलं. ते म्हणाले, "माझं सोड गं, मी ठणठणीत आहे." मग मी इथे करतेय काय, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

सोमवार, १०

ह्यांचा शर्ट धुवायला घेतला. खिशात चिठ्ठ्या. ह्यांचं अक्षर मोजणीच्या नकाशावरचं, मोत्यासारखं. एकीवर: ‘खोली तिसरा मजला, डावीकडे. किल्ली हिच्याकडे.’ दुसरीवर: ‘दादा — खुबा — बरा आहे.’ तिसरीवर: ‘वहिनी गेल्या आहेत. विचारायचं नाही.’

ती तिसरी वाचून मला भरून आलं. त्या दिवशी चुकून बोलून गेले, ते किती मनाला लावून घेतलं. भावाला पुन्हा दुखवू नये म्हणून लिहून ठेवलं. वरून कोरडा ठणठणीत, पण आतून असा आहे हा माणूस. चिठ्ठ्या परत खिशात ठेवल्या, कळू दिलं नाही.

मंगळवार, ११

एक चालक गाडीतच जेवत आला. एक सबंध वाट फोनवर भांडत होता, बहुधा बायकोशी, कारण मध्ये मध्ये गप्प बसत होता. परतीच्या चालकानं ॲप बंद करून आपणच परस्पर सोडतो अशी खूण केली. मी मान हलवली, नाही. उतरले नाही, ओरडले नाही, नुसता फोन पुढे धरला. गाडीतून उतरल्यावर हे म्हणाले, "शाब्बास." बेचाळीस वर्षांत भाजीला म्हणाले नाहीत.

शुक्रवार, १४

आज जिवावर आलं होतं. पाऊण तासाची वाट, त्यात ह्यांनी नदीवरच्या पुलाच्या मोजणीची गोष्ट सांगितली. पूर आला होता, साखळी वाहून गेली, ह्यांनी दोरीला गाठी मारून मोजलं आणि चूक निघाली फक्त चार बोटं. जाताना सांगितली. दादांकडे सांगितली. येताना पुन्हा सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "अहो, पुरे. सकाळपासून तिसऱ्यांदा."

गप्प झाले.  मला वाईट वाटलं, पण इतकी थकले होते की माफीसुद्धा मागवेना. म्हातारपणी माणसं तेच तेच बोलतात. मी बोलत नाही कारण मला बोलायला कुणी देत नाही.

रविवार, १६

दादांनी आज मला बाजूला बोलावलं. हे तिथल्या व्हरांड्यात उन्हात बसले होते.

"तपासनीस बाई, छापलेल्या कागदावरची चूक तुला कोसावरून दिसते. घरातली दिसत नाही?"

"कुठली चूक?"

"त्याच्याकडे लक्ष दे."

मला राग आला. लक्ष देऊ म्हणजे काय? वेळेवर गोळ्या कोण देतं, शर्ट कोण धुतं, तीन मजले चढून दूध कोण आणतं? चाळीस वर्षं लांब राहायचं आणि मग येऊन सांगायचं लक्ष दे. मी म्हटलं, "दादा, लक्ष देण्यातच माझं आयुष्य गेलं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि काठी टेकत बाहेर ह्यांच्याकडे गेले.

ऑपरेशननंतर माणसं हळवी होतात.

बुधवार, १९

आज जे झालं ते सगळं लिहून काढते. नाहीतर झोप लागणार नाही.

सकाळी गुडघा टम्म. पाय टेकवेना. हे म्हणाले, "तू पडून राहा, मी एकटा जाऊन येतो. गाडी तेवढी बोलव." मी माझ्या फोनवरून बोलावली. खिडकीतून बघितलं. हे खाली गेले, नंबर बघितला, वर बघून हात केला, बसले. मी निश्चिंत पडले. फोनवर किडा रांगताना दिसत होता.

पाव तासानं किडा थांबला. सेंटर अजून लांब होतं. सिग्नल असेल म्हटलं. मग फोन वाजला: ‘आपला प्रवास समाप्त झाला. चालकास तारे द्या.’

ह्यांना फोन लावला. फोन खोलीतच वाजला, माझ्या उशाशी. चार्जिंगला लावलेला.

चालकाला ॲपमधून लिहिलं, माझे पती कुठे आहेत? बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं: ‘आजोबा उतरले. हाताने थांब म्हणाले. फार आनंदी होते.’

आनंदी! मला काही सुचेना. दादांना फोन केला नाही, ते काठी घेऊन रस्त्यावर आले असते. दुसरी गाडी बोलावली. पहिल्यानं रद्द केली. दुसऱ्यानं केली. तिसरा सहा मिनिटं एकाच जागी उभा राहिला आणि मग त्यानंही केली. मी तोवर जिना उतरत होते, एकेक पायरी बसून, लहान मूल उतरतं तशी. खाली पोचले तेव्हा चौथी गाडी आली. नंबर बघितला. आत एक बाई होती, माझ्याहून थोडी लहान, पांढऱ्या केसांची जाड वेणी, बाह्या दुमडलेल्या.

मी तिला नकाशावरची जागा दाखवली, जिथे प्रवास समाप्त झाला ती. मग फोनमध्ये बोलले, "माझे पती हरवले आहेत." फोननं तिच्या भाषेत सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि गाडी अशी काढली की माझी पाठ सीटला चिकटली.

ती जागा म्हणजे सेंटरच्या वाटेवरच्या पुलाआधीचा मोठा चौक. रस्तारुंदीचं काम चाललेलं, सगळीकडे पत्र्याची कुंपणं. माणूस दिसेना. तिनं तिचा फोन काढला, काहीतरी बंद केलं आणि मला दाखवलं. तिचं ॲप होतं ते. आता दुसरं कुणी तिला बोलावणार नव्हतं. मग तिनं काच खाली केली आणि बैलगाडीच्या वेगानं फिरवायला लागली. तिनं डावीकडे बघायचं, मी उजवीकडे. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत तिनं ब्रेक लावला आणि बोट केलं.

कुंपणाच्या आत तीन पायांच्या तिकाटण्यावर मोजणीचं यंत्र लावलेलं. यंत्रामागे एक मुलगी, हेल्मेट घातलेली. समोर साठ-सत्तर पावलांवर एक माणूस मोजणीची पट्टी धरून उभा. त्याच्याही डोक्यावर हेल्मेट. ते हे होते.

पट्टी अशी सरळ धरली होती की हात जरा म्हणून हलत नव्हता. यंत्रामागची मुलगी हात करायची, हे सरकायचे, पुन्हा ताठ. तिचा सहकारी बाजूला उभा राहून कौतुकानं बघत होता. त्यांना वाटलं असेल, गंमत म्हणून आलेला जुना जाणता माणूस. आनंदी होते असं चालकानं लिहिलं ते खरंच होतं. मी ह्यांना इतकं सुखी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी लंगडत जवळ गेले. "अहो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "बाई, अर्जदार तुम्हीच का? मोजणी चालू असताना रेषेत यायचं नाही. तिकडे उभ्या राहा."

मी तिकडे उभी राहिले.

काय करणार होते?  वाटलं चेष्टा करतायत. मग वाटलं ऊन लागलं. आणि मग काही वाटायचं शिल्लकच राहिलं नाही, सगळं एकदम कळलं. सिमकार्ड कळलं, खांब कळला, चिठ्ठी कळली. ती चिठ्ठी दुसऱ्याला दुखवू नये म्हणून नव्हती.

त्यांचं मोजून होईपर्यंत थांबले. मग म्हटलं, "साहेब, आजचं काम झालं. गाडी आली आहे."

"कचेरीची?"

"हो."

पट्टी त्या सहकाऱ्याच्या हातात दिली, हेल्मेट काढून दिलं, त्या मुलीला नमस्कार केला. मी ‘अर्जदार’ असल्यामुळे मला गाडीत आधी बसू दिलं. वेणीवाली बाई आरशातून बघत होती. मला रडू येऊ नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दहाएक मिनिटांनी माझ्या हातावर हात आला.

"अगं, तुझा गुडघा दुखत होता ना? मग आलीस कशाला?"

सेंटरच्या दारात उतरलो. मी त्या बाईला फोनमधून धन्यवाद सांगायला गेले, तर तिनं माझा फोन हळूच खाली केला. माझा गाल थोपटला आणि गेली. तिचं ॲप बंद होतं तोवरचा प्रवास कुठेच नोंदलेला नाही.

गुरुवार, २०

हे दादांच्या खुर्चीत झोपले होते. मी दादांना म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. त्यानं फोन केला होता. डॉक्टरकडे एकटाच गेला होता. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, काढता आलं नाही. मोजणीदाराला वर्तुळ काढता आलं नाही, त्यामुळे रडवेला झाला होता."

"आणि मला?"

"मी म्हटलं, तिला सांग. तर म्हणाला, तिला सांगितलं की मग ते खरं होईल."

मी उठून झोपलेल्या ह्यांच्या नाकावरचा चष्मा काढून ठेवला.

"तपासनीस बाई, तुम्ही मला बघायला आलात असं तुला वाटतंय. माझा खुबा हे निमित्त झालं. मला ओळखेनासा व्हायच्या आत एकदा भेटून जायचं होतं त्याला. म्हणून मी ‘येऊ नका’ म्हटलं तरी आला. मी काय म्हणणार?"

खिडकीखाली कुणीतरी गाडी उभी करायला जागा शोधत होतं. पुढे घे, मागे घे, पुन्हा पुढे. मी तेच बघत बसले.

शनिवार, २२

काल काही लिहिलं नाही. रागानं. सगळ्या जगाला ठाऊक, आणि मी एकटीच ब्रश शोधत होते. सगळी खोली घासून काढली. ह्यांच्याशी जेवण-पाण्यापुरतंच बोलले. ते बघत होते.

लेकीला आज सांगितलं. ती मग म्हणाली, "आई, गेल्या दिवाळीला बाबांनी मला सगळी बँकेची कागदपत्रं नीट लावून दिली. म्हटलं होतं आईला शिकव. मला वाटलं, बाबांचा नेहमीचा काटेकोरपणा."

म्हणजे तीही माझ्यासारखीच. तेवढंच बरं वाटलं.

सोमवार, २४

आज निरोप. दादा काठीशिवाय दारापर्यंत आले. ह्यांना आज सगळं आठवत होतं. दोघांनी लहानपणी एका सायकलवरून विहिरीत पडल्याची गोष्ट सांगितली, अर्धी ह्यांनी, अर्धी दादांनी, आणि कोण सायकल चालवत होतं यावरून पंचावन्न वर्षांनी पुन्हा भांडले. मला वाटलं होतं मी रडेन. मी रडले नाही, हसले. ते दोघंही हसले. मग ह्यांनी वाकून नमस्कार केला आणि दादांनी त्यांना वर उठवायला जरा उशीर केला.

मंगळवार, २५

विमानाला अजून दोन तास आहेत. हे शेजारी बसून दारावरचे आकडे वाचतायत. गाडीत काय झालं ते आत्ताच लिहिते, ताजं आहे तोवर.

गाडी मी बोलावली. नंबर बघितला. चालक मध्यम वयाचा, गंभीर, आपली भाषा ओ की ठो कळत नसलेला. शहर मागे पडलं तेव्हा हे म्हणाले, "दादानं सांगितलं ना तुला."

"हो," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"हळू कशाला बोलतेस? त्याला काय कळतंय?"

खरंच की. आमच्या घरात आधी सासूसासरे पलीकडच्या खोलीत होते, मग लेक अभ्यासाला बसलेली असायची, मग शेजाऱ्यांची भिंत. बेचाळीस वर्षं आम्ही महत्त्वाचं सगळं कुजबुजून बोललो, नाहीतर बोललोच नाही. आणि आता एका अनोळखी माणसाच्या पाठीमागे बसून मोठ्यानं बोलत होतो.

"मला का नाही सांगितलंत?"

"रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. मग विसरायचो."

"चेष्टा पुरे."

"निम्मी चेष्टा आहे. निम्मं खरं असं, की तुला कळल्यावर तू माझ्याकडे जशी बघशील त्याची भीती वाटायची. आत्ता बघतेयस तशी."

मी समोर बघायला लागले. म्हटलं, "वर्षभर ओरडत होते मी तुमच्यावर. गॅस चालू राहिला म्हणून, किल्ल्या हरवल्या म्हणून. परवा पुलाच्या गोष्टीवरून."

"ओरडायचीस म्हणून बरं वाटायचं. म्हटलं, अजून ओरडण्यासारखा आहे मी."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट मोकळी जमीन होती. हे ती डोळ्यांनी मोजत असावेत.

"त्या दिवशी चौकात मी तुला ओळखलं नाही."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझ्या तोंडावर होतं."

"दहाच मिनिटं."

"वाढतील ती."

"वाढू देत." आवाज मला वाटलं त्यापेक्षा बरा निघाला. "मी उभी राहीन तिकडे."

चालकानं आरशातून एकदा बघितलं आणि रेडिओ लावला, हळू. विमानतळाच्या पाट्या दिसायला लागल्या.

"तुझं नाव विसरलो तर?"

"माझं नाव तुम्ही घेतलंत कधी? लग्नाच्या दिवशी एकदा, तेही लोकांनी दारात अडवून धरलं म्हणून. तिथून पुढे सगळा संसार ‘अगं’वर झालाय. तेवढं लक्षात ठेवा."



"अगं," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. म्हणून बघितलं."

गाडी थांबली होती. चालकानं आमच्या बॅगा काढून ठेवल्या होत्या आणि तो घाई न करता बाजूला उभा होता. मी आधी उतरले. गुडघा सांभाळत गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.